हेका, हट्ट आणि जिद्द

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या सोलापूरच्या मराठी दैनिकांत एक शब्द हमखास भेटतो. आई मजुरीला जाते, वडील नाहीत, घरात अभ्यासाला धड जागा नाही, आणि तरी मुलीने नव्वद टक्के मिळवले. कशाच्या बळावर? तर जिद्दीच्या. त्याच सुमारास कुठे ग्रामपंचायतीची निवडणूक असली, तर कलबुर्गीच्या कन्नड दैनिकात अमुक गावी ‘जिद्दाजिद्दी’ होणार असे छापून येते. तिथे जिद्दु म्हणजे खुन्नस, चुरस, एकाने दुसऱ्याला पाडायचेच अशी ईर्षा. आणि आमच्याच गल्लीत एखादी दखनी बोलणारी म्हातारी रडक्या नातवाच्या पाठीत हलकी चापट मारून म्हणते, ‘जिद नक्को कर रे.’ तिच्या तोंडी जिद म्हणजे निव्वळ खोड, पोराच्या अंगातून काढून टाकायची गोष्ट.

शब्द एकच, भाषा तीन, आणि तिघींचे मत तीन प्रकारचे. जाता जाता त्या म्हातारीचा ‘नक्को’ही पाहून ठेवावा. तो आपला मराठी ‘नको’. दखनीने मराठीकडून ‘नको’ नेला आणि मराठीने तिकडून ‘जिद्द’ आणली. देवघेव बरोबरीची झाली असे मला वाटते, कारण नकार आणि जिद्द या काही फार लांबच्या वस्तू नव्हेत.

निंबर्गा हे आळंद तालुक्यातले गाव. (निंबर्गी महाराजांची निंबर्गी निराळी, ती विजापूर जिल्ह्यातली, लांबचे पाहुणे पत्रावर पत्ता लिहिताना अजून घोळ करतात.) बाजाराला सोलापूर, देवाला अक्कलकोट, कचेरीला आळंद नि कलबुर्गी अशी आमची वाटणी. इथे जन्मलेल्या माणसाला शब्दांच्या वंशावळीची आवड लागली तर त्यात त्याची विशेष हुशारी नाही. एका ओट्यावर बसून तीन भाषा ऐकल्या की आपल्या घरातला शब्द शेजारच्या घरात वेगळे कपडे घालून बसलेला दिसतोच.

जिद्द मुळात अरबी. तिकडे तिचा अर्थ हट्ट असा नाहीच. अरबीत ‘ज़िद्द’ म्हणजे उलट, विरुद्ध, प्रतिकूल. दिवसाचा ज़िद्द रात्र, पाण्याचा ज़िद्द आग. या शब्दाचे पहिले अक्षर ‘ज़ाद’ हेही मोठे मानी. त्याचा मूळ उच्चार दुसऱ्या कुणाला जमत नाही या अभिमानाने अरब आपल्या भाषेलाच ‘ज़ादची भाषा’ म्हणत आले. इराण्यांना तो उच्चार जमला नाही; त्यांनी त्याचा साधा ‘ज़’ केला. आपण तर नुक्ताही काढून टाकला आणि ‘द’ तेवढा ठसठशीत ठेवला.

‘ज़िद्द’चे अनेकवचन ‘अज़्दाद’. या नावाचे ग्रंथ अरबी पंडितांनी लिहिले आहेत. त्यांत असे शब्द गोळा केलेले असतात की ज्यांना एक अर्थ आहे आणि त्याच्या नेमका उलटाही आहे. ‘जौन’ हा शब्द काळ्यालाही चालतो आणि पांढऱ्यालाही, हे त्यातले नेहमीचे उदाहरण. या विषयावरचा इब्न अल-अन्बारीचा ग्रंथ नावाजलेला. हा पंडित इ. स. ९४० मध्ये बगदादेत वारला. त्याच्या पंक्तीला आपली ‘जिद्द’ बसवायला हरकत नव्हती. एका भाषेत दोष आणि दुसरीत गुण, असा प्रवास तिनेही पुढे केलाच.

हा प्रवास आमच्याच मुलखातून झाला असावा असे म्हणायला जागा आहे. १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले ते गुलबर्ग्यात. पंधराव्या शतकात राजधानी बीदरला गेली. दरबार फारसीचा, लष्कर आणि बाजार दखनीचा, शेतसाऱ्याचा हिशेब लिहिणारे हात पुष्कळसे मराठी नि कन्नड. वसूल, जमीन, अर्ज, तकरार, हरकत हे शब्द असेच घरात आले. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण दरबाराचे शब्द बदलता येतात. माणसाच्या स्वभावाचे शब्द कोण बदलणार? जिद्द राहिली, करारी राहिला, बेफिकीर राहिला, मिजास तर राहिलीच. यातला ‘करारी’ मजेदार आहे. करार म्हणजे स्थिर होणे, ठरणे. ज्याचे ठरलेले ढळत नाही तो करारी. त्यालाच शत्रूने हट्टी म्हटले असते.

आता मराठीच्या घरचे शब्द पाहू. हट्ट हा संस्कृत ‘हठ’. संस्कृतात तो बळजोरीचा शब्द. हठयोगात त्याची खूण शिल्लक आहे. मराठीत मात्र तो पार बाळसेदार झाला. बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट असे तीन हट्ट आपण मानतो आणि तिन्ही पुरवायचे असतात. म्हणजे हट्ट करणाऱ्याकडे स्वतःचे बळ नाही तरी चालेल, पुरवणारा मात्र कोणी तरी हवा. राजाला या यादीत बाळाशेजारी बसवणारा जो कोणी पहिला मराठी माणूस असेल, त्याने राजे जवळून पाहिले असणार.

हेका त्याहून कोरडा. हट्टात थोडे लाड आहेत, हेक्यात नाहीत. त्याला फारसीतला ‘खोर’ जोडून आपण हेकेखोर केला. खोर म्हणजे खाणारा: लाचखोर लाच खातो, तसा हेकेखोर हेक्यावरच जगतो. आडमुठा आहे, हटवादी आहे, दुराग्रही आहे. पण या सगळ्यांत मला आवडतो तो अडेलतट्टू.

ज्याने हा शब्द घडवला तो तट्टावर बसलेला होता, किंवा निदान तट्टाचा लगाम त्याच्या हातात होता. वाटेत तट्टू थांबते. पुढे जात नाही, मागे सरत नाही, चाबूक खाते पण पाऊल उचलत नाही. बसलेल्याला वाटते, हे जनावर विनाकारण अडले. तट्टाचे म्हणणे कोणी विचारलेले नाही. नाल निखळला असेल, पाठीवर ओझे चार पायल्या जास्त असेल, किंवा पुढच्या ओढ्याला पाणी आहे हे त्याला वरच्या स्वाराआधी कळले असेल. भाषेत नोंद झाली ती स्वाराच्या तक्रारीची. बैलाने बसकण मारली की आम्हीही बैलालाच शिव्या देतो.

इंग्रजांकडेही अशी गंमत आहे. अमेरिकन बोलीत ‘ऑर्नरी’ असे एक विशेषण आहे. अडेल, तिरसट, सांगेल त्याच्या उलट वागणारा, असा त्याचा आजचा अर्थ. खेचरालाही लावतात, म्हाताऱ्या सासऱ्यालाही. ऐकताना वाटते की मोठा ठसकेबाज मूळ शब्द असेल. मूळ शब्द निघतो ‘ऑर्डिनरी’! सामान्य, नेहमीचा. घाईघाईच्या खेडवळ उच्चारात मधली अक्षरे गळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून हे रूप निराळे नांदू लागले. आधी ‘सामान्य’, मग ‘हलक्या प्रतीचा’, मग ‘वाईट चालीचा’, आणि शेवटी ‘ऐकत नाही असा’. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनच्या (१८८४) तोंडी हा शब्द आहे, आणि तो स्वतःविषयीच वापरतो, आपण अगदी हलके, टाकाऊ आहोत या अर्थाने. अपालाशिया डोंगराकडच्या एका नाताळ-गीतात तर येशू ज्यांच्यासाठी मेला ती गरीब माणसे ‘ऑर्नरी’ आहेत. तिथे अजून जुना अर्थ, तुमच्याआमच्यासारखी साधी.

सामान्य माणूस आणि न ऐकणारा माणूस यांना एकच शब्द कसा पडला, याचे उत्तर मला तट्टावरच्या स्वाराजवळ दिसते. वरून पाहणाऱ्याला खालचा माणूस आधी सामान्य दिसतो आणि त्याने मान हलवली की लगेच तिरसट दिसतो. मधली पायरी फार लहान आहे.

मराठीतली जिद्द मात्र याच्या उलट दिशेला गेली. जो शब्द ‘तो आमच्याविरुद्ध आहे’ एवढेच सांगायचा, तो खालच्या माणसाने उचलला आणि छातीवर लावला. हे कोणत्या साली झाले, असे शब्दांच्या बाबतीत विचारू नये. पण जुना अर्थ पुरता मेलेला नाही. ‘जिद्दीला पेटला’ म्हणताना अजून थोडा धूर येतो. तिथे शहाणपण सुटल्याची शंका असते. ‘जिद्दीने शिकला’ म्हणताना धूर नाही, नुसता उजेड. ईर्षेचेही असेच. संस्कृतात ती जळफळाट, कन्नडातही बहुतेक मत्सरच. मराठीत मात्र मुलगा ईर्षेने अभ्यासाला लागला तर आईबाप पेढे वाटतात. अलीकडे हिंदीतही वर्तमानपत्रांच्या जाहिराती लोकांना ज़िद करा म्हणून सांगू लागल्या आहेत. मराठी वळण तिकडे पोचले म्हणायचे.

मात्र मराठीचे सगळेच कौतुक करता येत नाही, कारण गुणाचा शब्द आपण सगळ्यांना सारखा वाटत नाही. माझ्या आत्याची गोष्ट सांगतो.

तिचा जन्म १९४० च्या आसपासचा. गावात चौथी झाली आणि आजोबांनी शाळा बंद केली. तिला पुढे शिकायचे होते. तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आजी जात्याशी बसून रडली, आजोबा ओसरीवरून म्हणाले, ‘पोरीच्या जातीला एवढा हेका बरा नव्हे.’ शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकू समजूत घालायला आल्या, त्यांनी तिला ‘हटमारी’ म्हटले. माझे वडील तिच्याहून मोठे, त्यांनी हे सगळे पाहिलेले. त्याच सुमारास आमच्या एका चुलत्याने घरातल्यांशी भांडून सोलापूरच्या गिरणीची वाट धरली होती, वर्षभर पत्र नाही की पैसे नाहीत. त्याच्याविषयी आजोबा चारचौघांत सांगत, ‘पोरगा जिद्दी आहे, नाव काढील.’ एकाच ओसरीवर, एकाच तोंडून हे दोन शब्द निघत होते.

शेवटी आत्या सोलापूरला मामाकडे राहिली, व्हर्नाक्युलर फायनल झाली, पुढे अक्कलकोट तालुक्यात प्राथमिक शिक्षिका झाली. निवृत्त झाली तेव्हा गावाने सत्कार केला, शाल-नारळ दिला. तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही ‘जिद्द’ शब्द वापरला. घरी येताना रिक्षात मी तिला म्हणालो, ‘आत्या, आज तुझ्या जिद्दीचं फार कौतुक झालं.’

ती म्हणाली, ‘अरे, घरातून निघाले तेव्हा मी हेकट होते. पहिला पगार दादाच्या हातात दिला तेव्हा जिद्दी झाले. मधली सात वर्षं मी काय होते, ते कोणी सांगितलं नाही.’

मला कोशात हा अर्थ कुठे सापडला नाही. हेका कधी जिद्द होतो, तर तो पार पडल्यावर. पडला, फसला, तर तो हेकाच राहतो. माझ्या त्या चुलत्याचे नाव काही निघाले नाही, पण त्याला मरेपर्यंत कोणी हेकट म्हटल्याचे मी ऐकले नाही.

१९४८ साली बर्ट्रांड रसेल यांनी बी.बी.सी.वर गंमत म्हणून एक विशेषण क्रियापदासारखे चालवून दाखवले होते. प्रथम पुरुषी तो ठामपणा, द्वितीय पुरुषी हट्टीपणा, तृतीय पुरुषी डुकराच्या डोक्याचा मूर्खपणा. इंग्लंडात लोक हसले. आमच्याकडे त्याच साली हे व्याकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्याकडे वळण्याआधी ‘आग्रह’ या शब्दाला ओलांडून जावे लागेल.

‘आग्रह’ आमच्या सीमेवर फार फसवतो. मराठीत आग्रह पंगतीत राहतो. पोट भरले म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकणे म्हणजे आग्रह. कन्नड दैनिकात मथळा येतो, बससाठी ग्रामस्थांचा ‘आग्रह’. तिथे तो मागणीचा, थोडा रागाचा शब्द. नवीन सून मराठी मुलखातून आलेली असली तर तिला वाटते, गावकरी एस.टी.ला जेवायला बोलावत आहेत की काय. मुळात ग्रह म्हणजे धरणे, पकडणे. घट्ट धरले तो आग्रह, वाईट तऱ्हेने धरले तो दुराग्रह, आधीपासूनच धरून बसले तो पूर्वग्रह. मराठीत आपण ‘धरणे धरतो’ तेही याच हाताने. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा आणि त्याचे पाप ऋणकोला लागेल असा धाक घालायचा, ही जुनी चाल. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली तिचे उदाहरणच घालून ठेवले होते.

गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी शब्द हवा होता. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ त्यांना दुबळ्याचे हत्यार वाटे. ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी नाव सुचवण्यासाठी बक्षीस लावले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवले, गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले. म्हणजे ज्या वृत्तीला दुसऱ्या बाजूने हट्ट, दुराग्रह म्हटले जाणार हे उघड होते, तिला आधीच ‘सत्य’ जोडून टाकले. नाव ठेवायचा हक्क पलीकडच्याला मिळूच द्यायचा नाही, ही युक्ती मला त्या शब्दात फार मोठी वाटते.

तो शब्द निजामाच्या राज्यात १९३८ च्या ऑक्टोबरात आला, हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाने. स्वामी रामानंद तीर्थ त्यात तुरुंगात गेले, आणि १९४८ पर्यंत पुन्हा पुन्हा जात राहिले. माझे वडील तेव्हा शाळेत होते. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू राजभाषा झालेली, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच. त्यामुळे मराठी घरचे मूल अलिफ-बे गिरवत मोठे व्हायचे. वडील सांगत की उर्दूचे मास्तर वर्गात सत्याग्रहींना ‘ज़िद्दी’ म्हणत आणि घरी आल्यावर आजोबा त्यांनाच ‘निग्रही’ म्हणत. मास्तर वाईट गृहस्थ नव्हते. वडिलांचे अक्षर त्यांनीच घडवले. त्यांच्या भाषेत त्या वृत्तीला दुसरा शब्द चटकन हाताशी नव्हता, आणि नोकरी सरकारची होती. १९४८ च्या सप्टेंबरात १३ तारखेला भारतीय फौज आत आली, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर, वडील म्हणत, गावात निजामाच्या हटवादीपणाविषयी बोलायला सगळ्यांना कंठ फुटला. तेच शब्द होते, फक्त घोड्यावरचा माणूस बदलला.

रामानंद तीर्थ १९५२ साली पहिल्या लोकसभेत गुलबर्ग्याहून निवडून गेले आणि १९५७ साली औरंगाबादहून. माणूस तोच, मधल्या काळात राज्ये बदलली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याकडे गेले, बाकीचा बहुतेक बीदर आणि आमचा गुलबर्गा म्हैसूर राज्यात आला. ते राज्य १९७३ साली कर्नाटक झाले, गुलबर्गा २०१४ साली कलबुर्गी. १९६६ साली ऐंशी ओलांडलेले सेनापती बापट सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले, महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्याने निपाणी-खानापूर महाराष्ट्राला सुचवले, अक्कलकोट नि जत पलीकडे सुचवले, आणि बेळगाव होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या वर्षांत मी दोन्हीकडची वर्तमानपत्रे वाचत आलो आहे. एकीकडे ज्याला निर्धार म्हटलेले असते त्यालाच दुसरीकडे हटमारीपणा म्हटलेले असते, आणि सोमवारचा अंक मंगळवारच्या शेजारी ठेवला की रसेलचे क्रियापद पूर्ण चालवून होते.

यात मला एका कन्नड शब्दाचे फार अप्रूप वाटते. तो म्हणजे ‘छल’. संस्कृतात छल म्हणजे कपट, फसवणूक. मराठीत त्याचा झाला छळ: सासूने सुनेचा करायचा, सावकाराने कुळाचा. आपण मराठीभाषक जिद्दीला वर चढवणारे, पण या शब्दाला मात्र आपण अगदी खोल नेले. कन्नडाने उलट केले. कन्नडात छल म्हणजे पण, निश्चय, मोडेन पण वाकणार नाही हा बाणा. ‘छलगार’ ही तिथे शाबासकी. अन्बारी बगदादेत वारला त्याच्या पुढच्याच वर्षी, ९४१ मध्ये, पंपाने आपले ‘विक्रमार्जुनविजय’ पुरे केले. त्याचा आश्रयदाता अरिकेसरी हा राष्ट्रकूटांचा मांडलिक, आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आमच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. या काव्याच्या अखेरीस पंप महाभारतातल्या एकेकाचा एकेक गुण सांगतो. कर्णाकडे सत्य दिले आहे आणि छल दिला आहे दुर्योधनाकडे. दोष म्हणून नव्हे, त्याची शोभा म्हणून. त्याच शतकाच्या अखेरीस, चालुक्य सत्याश्रयाच्या आश्रयाला असलेला रन्न आपल्या गदायुद्धात तर या दुर्योधनाला इतका उंच करतो की वाचणाऱ्याला भीमाची बाजू घेणे जड जावे. सुईच्या अग्रावरची मातीही न देणारा माणूस मराठी घरात दुराग्रहाचा नमुना; त्याच्याकडे पाहून कन्नड कवीला आदर वाटावा, हे मला शाळेत असताना पटत नव्हते. आता पटते. दुर्योधन चुकला खरा, पण तळ्यातून बाहेर येऊन गदा उचलताना त्याच्याजवळ दुसरे काय उरले होते?

लहानपणी आमच्या घरी मराठी ‘चांदोबा’ यायचा आणि शेजारी कन्नड ‘चंदमामा’. झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून पुन्हा पुन्हा चालणारा तोच विक्रम दोन्हीकडे. मराठीत त्याने हट्ट सोडलेला नसे, कन्नडात छल सोडलेला नसे. चित्रही तेच होते. पण शेजारचा मित्र आणि मी त्या राजाविषयी बोलू लागलो की तो शूर माणसाविषयी बोलायचा आणि मी हट्टी माणसाविषयी.

तो मित्र अजून आहे. तूर विकून आला की बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसतो. मागच्या नोव्हेंबरात राज्योत्सवाची पताका वर लटकत होती आणि सीमाप्रश्नाची बातमी त्याच्या हातातल्या पेपरात होती. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले नि म्हणाला, ‘सर, निम्म जिद्दु नीवु बिडंगिल्ल नोड्री.’ तुमची खुन्नस तुम्ही सोडत नाही बघा, असे त्याला म्हणायचे होते. माझ्या मराठी कानाला त्यातली ‘जिद्द’ तेवढी गोड लागली. मी म्हणालो, ‘आणि तुमचा छळ काही संपत नाही.’ त्याच्या कन्नड कानाला ‘छल’ ऐकू आला. तो खूश झाला आणि त्याने पोऱ्याला दोन चहा सांगितले.